रॉकेटमधली फळमाशी आणि म्युटेशनचा जुना घोळ

अंतराळात गेलेल्या जंतूंमध्ये म्युटेशन (म्हणजे डीएनएत झालेला बदल) सापडलं अशी बातमी आली की लगेच "किरणोत्सर्गामुळे झालं" असं म्हणून लोक मोकळे होतात. पण नेमकं किरणोत्सर्गामुळेच झालं हे सिद्ध करणं किती किचकट आहे, ते या विषयाचा इतिहास बघितल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात अंतराळयानांच्या कितीतरी आधी झाली. 1912 मध्ये व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि वर जावं तसं रेडिएशन वाढतंय हे त्यानं मोजलं, म्हणजे हे किरण बाहेरून येतायत. मग 1927 मध्ये हर्मन मुलरनं फळमाश्यांवर एक्स-रे सोडून म्युटेशनचं प्रमाण प्रचंड वाढवून दाखवलं. आता या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढचा प्रश्न आपोआपच पडतो, वर पाठवलेल्या माशीचं काय होईल?

तर 20 फेब्रुवारी 1947 ला अमेरिकेनं न्यू मेक्सिकोतून दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन व्ही-2 रॉकेटमधून फळमाश्या साधारण 109 किलोमीटर उंचीवर पाठवल्या, आणि त्या पॅराशूटनं जिवंत परत आल्या. कुत्रे, माकडं वगैरे सगळे नंतरचे, पहिला मान माशीचा! पण उड्डाण जेमतेम काही मिनिटांचं, एवढ्यात रेडिएशनचा डोस तो किती मिळणार.

खरा घोळ पुढे झाला. यानातला जीव फक्त किरण खात नाही, लाँचचे हादरे, वजनरहित अवस्था, परतीचा धक्का, सगळं एकदमच सोसतो. मग बदल दिसला तर दोष कुणाला द्यायचा? यावर नासानं 1967 मध्ये बायोसॅटेलाइट-2 पाठवलं आणि त्यातली आयडिया मला आजही भारी वाटते, कारण त्यांनी अंतराळातल्या किरणांवर अवलंबून न राहता यानातच स्ट्रॉन्शियम-85 चा, म्हणजे गॅमा किरण सोडणाऱ्या पदार्थाचा, सोर्स ठेवला, काही नमुने त्याच्यासमोर, काही आडोशाला, आणि तसाच सेट जमिनीवरही. फळमाश्या, पिठातले किडे, छोट्या गांधीलमाश्या, बुरशी, जिवाणू, सगळे होते. तीन दिवसांचा बेत होता पण हवामान आणि संपर्काच्या अडचणीमुळे यान साधारण 45 तासांतच खाली आणलं. निकाल सरसकट एका बाजूचे नव्हते, काही जीवांमध्ये फरक दिसला, काहींमध्ये नाही.

तोपर्यंत आणखी एक शंका होतीच. अंतराळातून येणाऱ्या या वैश्विक किरणांत बहुतेक प्रोटॉन असतात, पण लोखंडासारख्या मूलद्रव्यांची जड अणुकेंद्रंही थोडी असतात, आणि तसला एक कण जरी पेशीतून आरपार गेला तरी वाटेत दाट नुकसान करून जातो. संख्येनं कमी, पण मारा जबर. ते पकडायला 1972 मध्ये अपोलो 16 आणि 17 वर बायोस्टॅक गेला, म्हणजे जिवाणूंचे बीजाणू, बिया, आर्टेमिया या छोट्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी यांचे थर आणि मध्येमध्ये कणाचा माग उमटणारे पातळ पत्रे, एखाद्या सँडविचसारखे. त्यामुळे नेमकं कुठल्या अंड्याला कण लागला ते शोधता यायला लागलं, आणि असा एकच कण लागलेल्या अंड्यांतून पिल्लं नीट वाढत नाहीत हेही दिसलं. सरासरी डोस मोजून हे कधी कळलंच नसतं.

नंतर बरीचशी कामं पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत झाली आणि तिथे चुंबकीय क्षेत्र बरेच कण अडवतं, म्हणून अंतराळ स्थानकातले आकडे चंद्रापलीकडच्या प्रवासाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ही गोष्ट बातम्यांत हमखास गाळली जाते. शिवाय उघड्यावर ठेवलेल्या जिवाणूंना सूर्याचे अतिनील किरणच आधी मारतात, वर थोडी माती किंवा मेलेल्या पेशींचा थर असला तरी आतले कितीतरी वाचतात.

म्हणूनच नोव्हेंबर 2022 मध्ये नासाच्या आर्टेमिस-1 या चंद्रमोहिमेसोबत बायोसेंटिनेल हा छोटा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबाहेर पाठवला तेव्हा त्यात यीस्टचे दोन प्रकार ठेवले, एक साधा आणि दुसरा डीएनए दुरुस्त करणारं जनुक बिघडवलेला, आणि तसाच एक सेट अंतराळ स्थानकावर, एक जमिनीवर. म्हणजे 1967 चीच तुलना, फक्त या वेळी सोर्स सोबत न्यावा लागला नाही.