बंपरच्या आतला बंपर : आघातशोषण आणि प्लास्टिकच्या साच्यांची पार्श्वभूमी

आजच्या मोटारीचा पुढचा बंपर क्लिपा सोडवून खाली काढला, तर हाती येते ते तीनेक मिलिमीटर जाडीचे, रंगवलेले आणि दोन्ही टोकांना धरल्यास लवलवणारे एक कवच. त्याच्या मागे काळ्या फोमचा अत्यंत हलका ठोकळा असतो, फोममागे धातूची आडवी तुळई आणि तुळईमागे दोन्ही बाजूंना छोट्या डब्यासारखे दोन नळकांडी भाग. फोमच्या पृष्ठभागावर ओळीने लहान गोल ठसे दिसतात. साच्यात वाफ सोडण्यासाठी ठेवलेल्या जाळीदार झरोक्यांच्या त्या खुणा होत. ज्याला आपण बंपर म्हणतो ते कवच धक्का जवळजवळ सोसतच नाही. ते काम मागच्या मंडळींचे आहे. दिसणारा बंपर आणि काम करणारा बंपर यांची ही फारकत धडक सोसणाऱ्या रचनांचे संशोधन, प्लास्टिक ओतणाऱ्या यंत्रांचा विकास आणि मधल्या काळात बदललेला एक सरकारी आकडा या तिन्हींमुळे झाली.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा गुंता सोडवावा लागेल. मराठीत ‘शोषण’ म्हटले की वर्तमानपत्रातला अन्यायाचा अर्थ आधी डोळ्यांसमोर येतो, ते एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण अशी की या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या क्रिया खपवल्या जातात. रबर दाबले जाते आणि ऊर्जा साठवून बरीचशी परत फेकते. तेल भरलेला दट्ट्या ती अरुंद छिद्रातून तेल ढकलण्यात आणि उष्णतेत खर्च करतो. पोलादी पेटी ती चुरगळण्यात संपवते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. या तिसऱ्या प्रकाराला यंत्रशास्त्रात ‘प्लास्टिक’ विरूपण म्हणतात, आणि गोंधळ वाढतो तो इथे. चुरगळून तसेच राहणारे पोलाद शास्त्राच्या भाषेत प्लास्टिक वागते, तर प्लास्टिकचा फोम दाबल्यावर बऱ्याच अंशी फुगून मूळ आकारावर येतो. पेटंटांच्या वर्गीकरणात बंपरांचा वर्ग बी६०आर १९ आणि इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात ढकलून भाग काढण्याचा) बी२९सी ४५ असा पूर्णपणे वेगळा ठेवला आहे. एकाच भागावर काम करणारे दोन धंदे दीर्घकाळ एकमेकांची भाषा न बोलता चालले, याचे ते कागदी प्रतिबिंब मानता येईल.

मोल्डिंग यंत्राचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८७२ साली अमेरिकेत सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकसाठी दट्ट्याच्या यंत्राचे पेटंट निघाले. तापलेल्या नळीतून दट्ट्याने माल साच्यात ढकलायचा, एवढेच ते यंत्र करी. पुढची जवळपास ऐंशी वर्षे मूळ कल्पना तीच राहिली आणि तिचा दोषही तोच राहिला : नळीच्या भिंतीलगतचा माल करपायचा आणि मधला अर्धा कच्चा राहायचा. १९५० च्या दशकात मागे-पुढे सरकणारा, फिरता स्क्रू त्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, आला. त्याच्या घुसळण्याने मालात घर्षणाची उष्णता तयार होऊ लागली, वितळणे एकसारखे झाले आणि मोठे, पातळ, सलग भाग काढणे आवाक्यात आले. त्याच सुमारास पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचाही शोध लागला. धडकेच्या बाजूने पाहता, १९५१ साली एका जर्मन कंपनीच्या अभियंत्याने प्रवासी कक्ष कडक आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा ठेवण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. ती संपूर्णपणे वापरणारी मोटार १९५९ मध्ये बाजारात आली. हा शोध जीव वाचवण्यासाठी होता. बंपरचा प्रश्न मुळात दुरुस्तीच्या बिलाचा आहे, आणि हे दोन प्रश्न लोकांच्या बोलण्यात आजही सर्रास एकत्र होतात.

बंपरच्या इतिहासाला खरे वळण मिळाले ते १९६८ ते १९८२ या चौदा वर्षांत. १९६८ साली एका अमेरिकी मोटारीवर गाडीच्याच रंगाचा, वरून लवचीक पॉलियुरेथेन असलेला पुढचा बंपर आला. १९७२ साली एका छोट्या फ्रेंच मोटारीने काचतंतू मिसळलेल्या पॉलिएस्टरचे बंपर वापरले. त्याच वर्षी अमेरिकेत नियम लागू झाला : १९७३ च्या मॉडेलपासून पुढून ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळल्यावर दिवे, बॉनेटची कडी, इंधन आणि शीतन यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे. मागच्या बाजूला आधी अडीच मैल, नंतर पाच मैल. जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात लोलकाने ठोकून होणारी चाचणीही आली.

या आकड्यामागचे गणित मांडून पाहिले पाहिजे. १००० किलो वजनाच्या गाडीत ताशी ८ किलोमीटर वेगाला सुमारे २,५०० जूल गतिज ऊर्जा असते. ती ५ सेंटिमीटर अंतरात संपवायची तर सरासरी ५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५ टन वजनाइतके बल लागते, तेही सतत एकसारखे मिळाले तर. एवढे करून काहीही मोडू द्यायचे नाही, म्हणून उत्पादकांनी जाड पोलादी पट्टीमागे तेल आणि दाबाखालचा वायू भरलेले दट्टे बसवले. बंपर अंगापासून दूर, टेबलाच्या खणासारखे बाहेर आलेले दिसू लागले. त्या काळच्या मोटारींवर कुरूपतेचा शिक्का बसला तो यामुळे. पण ते बंपर काम करत होते, हेही तितकेच खरे.

१९७९ आणि १९८० च्या मॉडेलांपासून नियम आणखी कडक झाला. आता केवळ दिवे नव्हे, तर पत्रा, आणि दुसऱ्या टप्प्यात खुद्द बंपरही जवळजवळ बिनडाग राहायला हवा होता. पोचा तीन अष्टमांश इंचापलीकडे चालणार नव्हता. आणि मग, १९८२ च्या मे महिन्यात, नियामकाने आकडा ५ वरून अडीच मैलांवर आणला. या निर्णयाकडे ‘निम्मी सूट’ म्हणून पाहिले जाते, ते साफ चूक आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग निम्मा केला की बंपरने सोसायची ऊर्जा एक चतुर्थांशावर, वरच्या उदाहरणात सुमारे ६२० जुलांवर येते. शिवाय, आणि हा भाग बहुतेक सारांशांतून गळतो, बंपरला स्वतःला इजा होऊ न देण्याची अटही त्याच वेळी काढून टाकली गेली. पत्रा वाचला म्हणजे झाले. बंपर फुटला तरी चालेल.

नियामकाचा युक्तिवाद निराधार नव्हता. मूळ १९७२ च्या कायद्याने सुरक्षिततेपेक्षा खर्चाची बचत समोर ठेवली होती आणि फायदा-तोटा तोलण्यास सांगितले होते; इंधनटंचाईच्या दशकानंतर बंपरमधला प्रत्येक जास्तीचा किलो गाडीच्या किमतीत आणि पेट्रोलच्या खर्चात मोजला जात होता. हलका बंपर स्वस्त पडेल आणि ती बचत वाढीव दुरुस्तीला पुरून उरेल, असा तो हिशेब. विमा कंपन्या आणि ग्राहक संघटनांचा आक्षेप असा की बचत मालकाच्या खिशात पडेल हे गृहीत धरलेले आहे, दुरुस्तीचे बिल मात्र नक्की त्याच्याच हाती पडेल. प्रकरण अपील न्यायालयात गेले आणि १९८५ साली नियामकाचा निर्णय कायम झाला. काही उत्पादकांनी जुनी क्षमता आपणहून राखली, कॅनडाने ८ किलोमीटरचा नियम पुढेही बरीच वर्षे सोडला नाही, आणि युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९८० च्या नियमात वेग ४ किलोमीटरच होता. या लेखकाच्या मते निर्णयाचा सर्वांत मोठा परिणाम बिलावर झाला नाही. फुटायला मोकळीक मिळालेला बंपर आता कोणत्याही आकाराचा, पूर्ण झाकणारा आणि अंगाला चिकटलेला करता येत होता, आणि तसा तो बनवण्याची यंत्रे नेमकी तयार होती.

मोठी कवचे प्रथम पॉलियुरेथेनच्या दोन द्रवांना साच्याच्या तोंडाशी उच्च दाबाने एकमेकांवर आदळवून, साच्यातच त्यांची रासायनिक क्रिया घडवून काढली जात. साच्यातला दाब कमी असल्याने प्रेस लहान पुरे, पण प्रत्येक भागाला वेळ लागे आणि कडा साफ करण्याचे काम उरे. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि पुन्हा वितळवता येणारे, पण शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होणारे. त्यात विशिष्ट रबर मिसळले की थंडीतही ते तडकत नाही. हे मिश्रण इंजेक्शन मोल्डिंगने काढायचे तर पावणेदोन मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच भागावर सरासरी ३०० बार दाब धरल्यास साचा मिटवून ठेवायला सुमारे २,६०० टनांचा क्लॅम्प हवा. एवढे प्रेस आले, पाठोपाठ माल एकेका गेटमधून, म्हणजे साच्यात शिरण्याच्या तोंडातून, क्रमाने सोडणारे व्हॉल्व्हही आले, त्यामुळे दोन प्रवाह भेटतात तिथली सांध्याची रेघ (वेल्ड लाइन) दिसत्या भागावरून हलवता येऊ लागली. कवचामागे पॉलिप्रॉपिलीनच्या मण्यांचा फोम १९८० च्या दशकात स्थिरावला. हे मणी ॲल्युमिनियमच्या साच्यात भरून वाफेने एकमेकांना चिकटवतात. जाडीच्या निम्म्याहून अधिक दाबला जाईपर्यंत हा फोम जवळपास एकसारख्या बलाने विरोध करतो. तेलाच्या दट्ट्याने जे काम वजन वाढवून केले, ते याने काही शे ग्रॅममध्ये उरकले.

पुढे विमा क्षेत्राने स्वतःची चाचणी आणली : ताशी १५ किलोमीटर, ४० टक्के रुंदीवर धडक. तुळईमागचे ते डबे म्हणून बोल्टने बसवलेले, मुद्दाम आधी चुरगळणारे आणि बदलायला सोपे असतात. अमेरिकेत मात्र बंपरचा मूळ नियम फक्त प्रवासी मोटारींना लागू राहिला, उंच युटिलिटी वाहनांना नाही, त्यामुळे दोघांचे बंपर धडकेत बऱ्याचदा एकमेकांना गाठत नाहीत.

पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २००३ च्या युरोपीय निर्देशानंतर तिढा आणखी वाढला. पादचाऱ्याच्या पायाच्या प्रतिकृतीवर ताशी ४० किलोमीटरने आदळणारा बंपर गुडघ्यासाठी मऊ हवा, तर खालच्या वेगाच्या धडकेसाठी कडक. दोन्ही मागण्या कवच आणि तुळई यांमधल्या त्याच काही सेंटिमीटर जागेत भागवायच्या आहेत. म्हणून एकाच ठोकळ्यात कमी-अधिक घनतेचा फोम किंवा अंड्यांच्या ट्रेसारखे शंकू असलेले इंजेक्शन मोल्डिंगचे शोषक येऊ लागले आहेत. आता कवचाच्या मागे रडारही बसते, आणि त्याला आरपार पाहता यावे म्हणून कवचाची जाडी आणि रंगाचे थर ठरवावे लागतात. फुटलेले कवच वितळजोडाने सांधून वर पुट्टी आणि नवा रंग चढवण्याची जुनी पद्धत तेवढ्या जागी चालत नाही.