बॅटरी बदलल्यानंतरचे अर्थिंगचे दोष (मोटारवाहन)

मोटारीच्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक जाड केबलने बॉडीला आणि इंजिनाला जोडलेले असते. दिवे, हॉर्न, पंखे, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) या सगळ्यांकडे गेलेला करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. या जोडणीला अर्थ किंवा बॉडी अर्थ म्हणतात. जमिनीशी तिचा संबंध नसतो. पत्राच परतीचा मार्ग झाल्यामुळे प्रत्येक उपकरणाला दुसरी वायर ओढावी लागत नाही. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह बॉडीला असते. मोरिससारख्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह बॉडीला जोडत. त्यामुळे जुनी गाडी जपणाऱ्याने नवी बॅटरी बसवण्याआधी ही गोष्ट तपासलीच पाहिजे.

बॅटरी नवी असूनही सेल्फ मारला की नुसते ‘टक्’ होते, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात, हॉर्न दाबला की हेडलाइट मंदावतात. अशी गाडी आली की पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो. खरे तर बॅटरी बदलताना वर्षानुवर्षे न हललेली केबल हलवली जाते, वाकवली जाते. आतून कुजलेले तांबे किंवा सैल थिंबल (केबलच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) तेवढ्या धक्क्याने दगा देते. बॅटरीच्या मापातील फरक हेही एक नेहमीचे कारण आहे. युरोपीय मापाच्या बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक सुमारे १९.५ मिलिमीटर जाड असते, जपानी मापाच्या लहान बॅटरीचे सुमारे १४.७; दोन्हींत निगेटिव्ह टोक त्याहून थोडे बारीक. जाड टोकाचा क्लॅम्प (केबलची आवळायची पकड) बारीक टोकावर बसवला तर नट पूर्ण आवळूनही तो हाताने फिरतो. मग फटीत पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकून वेळ मारून नेतात. ही पद्धत वाईट आहे. त्या जोडात थोड्याच जागी धातूला धातू टेकतो आणि तेवढीच जागा तापते.

दोष किती लहान असू शकतो हे आकड्यांतून नीट कळते. लहान पेट्रोल कारचा सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर करंट ओढतो. अर्थच्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला तरी तिथे १.५ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या गाडीत सेल्फ मंदावायला एवढे पुरे. त्याच अडथळ्यातून ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बचा पावणेदोन अँपिअर करंट गेला तर दोन शतांश व्होल्टही कमी होत नाही. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि तरी सेल्फ घेत नाही.

यामुळेच मल्टिमीटरने केबलचा ओहम मोजून किंवा बझर वाजवून अर्थ चांगला असल्याचा निर्वाळा देणे चुकीचे आहे. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर जवळपास शून्य दाखवतो. मोजणी भार असतानाच, म्हणजे सेल्फ करंट ओढत असतानाच झाली पाहिजे. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढतात, मीटर डीसी व्होल्टवर ठेवतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खांबावरच धरायचे, क्लॅम्पवर नाही; दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर. सोबत्याने सेल्फ मारला की रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत असावे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अर्थमध्ये दोष नक्की. मग मीटरचे हे दुसरे टोक मागे आणत जायचे: ब्लॉकवरून बॉडीवर, बॉडीवरून थिंबलवर, थिंबलवरून क्लॅम्पवर. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष तिथेच असतो. याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमधले व्होल्टेज ९.६च्या खाली उतरत असेल तर बॅटरीही तपासावी.

मीटर नसेल तर जंपर केबल कामी येते. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारावा. गाडी चटकन उठली तर नवी बॅटरी परत करायला जाण्याची गरज नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे असते. दोहोंना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी तुटली की सेल्फचा करंट वाट मिळेल तिकडून जातो. जुन्या गाड्यांत तो अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो. केबल तापते, तिचे प्लास्टिकचे आवरण वितळते आणि ती आतच चिकटते. सेल्फ मारताना अशी केबल हाताला गरम लागली, तर पट्टी पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा सेल्फ मारू नये.

दोष बहुधा जोडाच्या पृष्ठभागावर असतो. डेंटिंग-पेंटिंगनंतर अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर राहतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याचे थिंबल आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये गंज लवकर धरतो. पाणी केबलच्या आवरणाखालून आत सरकते. बाहेरून केबल धडधाकट दिसते, टोकाजवळ आवरण सोलले की आत हिरवट-काळी भुकटी निघते. अशी केबल साफ करून भागत नाही, बदलावीच लागते. खांबावर आलेला पांढरा-हिरवा क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतात, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचे नसते. क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून, कोरडी करून आवळतात. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावतात. शिसे मऊ असते, जास्त जोर दिल्यास खांब तुटतो. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी: पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

बॅटरी बदलल्यावर खिडकीची ऑटो सोय बंद पडणे, रेडिओने कोड मागणे किंवा आयडलिंग (उभ्या गाडीतील इंजिनाचा वेग) थोडा वेळ कमी-जास्त होणे हे अर्थचे दोष नव्हेत. कंट्रोल युनिटची (गाडीतील संगणकाची) स्मरणशक्ती पुसली गेल्यामुळे असे होते. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असलेल्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अॅम्प्लिफायर किंवा जादा दिव्यांची अर्थ खांबावर न लावता चेसिसवर लावतात. खांबावर लावल्यास तेवढा करंट सेन्सरच्या मोजणीतून निसटतो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

खराब अर्थचा तोटा चार्जिंगमध्येही होतो. अल्टरनेटरची अर्थ इंजिनमार्गे येत असल्याने त्याच्याकडे १४.२ व्होल्ट असताना बॅटरीला १३.२च पोहोचू शकतात. गाडी धावत राहते, पण बॅटरी कायम अर्धपोटी राहते. तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि नवी बॅटरी काही महिन्यांत निकामी होते.