साखळी टाका की लॉक टाका? जाड जीन्स उलटी करून बघा

सुलट बाजूने पाहिलं तर दोन्ही टाके अगदी सारखे दिसतात, नारिंगी धाग्याची सरळ ओळ. जीन्स उलटी केलीत की फरक कळतो. आतल्या बाजूलाही तशीच ओळ असेल तर तो लॉक टाका, आणि एकात एक अडकवलेल्या कड्या दिसल्या तर साखळी टाका. जाड डेनिमच्या शौकिनांमध्ये हल्ली एक समज पक्का बसलाय की साखळी म्हणजे उच्च दर्जा आणि लॉक म्हणजे स्वस्तातलं काम. मला तो साफ चुकीचा वाटतो, आणि त्यापायी चांगल्या छोट्या कारागिरांवर अन्याय होतो.

लॉक टाक्यात वरचा धागा आणि बॉबिनचा, म्हणजे मशीनखालच्या छोट्या रिळाचा धागा कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे सहसा जागेवर राहतात. अडचण असते ती बॉबिनची. 14 औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला साधारण 475 ग्रॅम. त्याला धागाही जाड लागतो, आणि जाड धागा बॉबिनवर थोडाच मावतो. लांब शिवणीत तो मध्येच संपला की जोड द्यावा लागतो.

साखळी टाक्याला बॉबिनच नसते. खालचा धागा थेट मोठ्या शंकूसारख्या रिळावरून येतो, त्यामुळे मशीन न थांबता चालतं. उल्हासनगरसारख्या ठिकाणी, जिथे एकेक कारागीर एकेकच काम करतो, तिथे लांब शिवणींसाठी हे सोयीचं पडतं. शिवाय साखळी जराशी ताणते. मांडीच्या आतली शिवण, बैठकीची शिवण, कमरेचा पट्टा अशा ओढ पडणाऱ्या जागी हा गुण खरोखर उपयोगी आहे. धागा मात्र लॉकच्या जवळपास दुप्पट जातो. आणि शेवटचं टोक सुटून खालचा धागा ओढला गेला, तर अख्खी ओळ भरभर उसवते.

सगळा वाद असतो तो बॉटमवरून, म्हणजे पायाच्या खालच्या दुमडलेल्या कडेवरून. जुन्या अमेरिकन जीन्सच्या बॉटमवर धुवून धुवून तिरके, दोरीच्या पिळासारखे पट्टे उमटतात. बॉटमला साखळी टाका मारणाऱ्या, युनियन स्पेशल कंपनीच्या 43200जी या मशीनची ख्याती या पट्ट्यांमुळेच आहे. पण हा पीळ काही साखळीतून येत नाही. दुमडीचा वरचा आणि खालचा थर मशीनखाली कमी-जास्त सरकतो, कापड किंचित तिरकं शिवलं जातं, आणि धुण्यात आटल्यावर ते उंचवटे घासून पांढरे पडतात. लॉक टाक्यावरही थोडाफार पीळ येतो.

आता मुंबईतला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. बॉटम टाचेखाली येतो, ओल्या प्लॅटफॉर्मवरच्या रेतीत घासतो. तिथे साखळीची एक कडी झिजून तुटली की दुमड सुटायला वेळ लागत नाही. ज्याला रोज लोकलने जायचंय त्याने बॉटमला लॉक टाकाच मारून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पीळ थोडा कमी दिसेल, पण जीन्स टिकेल.

धारावीत किंवा परळच्या एखाद्या गाळ्यात एकट्याने जीन्स शिवणाऱ्या मास्टरकडे बहुधा लॉकचंच मशीन असतं. त्याचा हात ओळखायचा तर बॉटमवर मांडीची शिवण येते ती जागा बघा. त्या शिवणीत कापडाचे 4 थर असतात. बॉटम दुमडल्यावर त्याचे तिप्पट, म्हणजे सुईखाली 12. चांगला मास्टर ती गाठ आधी हातोडीने ठोकून बसवतो, 18 किंवा 21 नंबरची सुई लावतो आणि तेवढ्या जागी चाक हाताने फिरवतो. घाईत शिवलेलं असेल तर नेमका तिथेच टाका सुटतो किंवा लांबट पडतो. मागच्या खिशांच्या कडा लॉकनेच शिवलेल्या असाव्यात आणि खिशाच्या तोंडाशी बारटॅक (दाट टाक्यांची छोटी पट्टी) किंवा रिव्हेट (धातूची खिळ्यासारखी टिकली) हवा. खिशाच्या तोंडाला तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट 1873 सालचं आहे, आणि ती जागा आजही तितकीच फाटते.

अल्टरेशनला देताना "मास्टर, बॉटमला धागा जाडच लावा, टाका मोठा ठेवा" एवढं आवर्जून सांगा. आणि घरी आणल्यावर साखळीची शिवण जिथे संपते ते टोक शोधा. ते दुसऱ्या शिवणीखाली दबलेलं नसेल, तर सुई-दोऱ्याने तिथे चार टाके घाला.