सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय? धूळ, मलबा, झाडं, भाडेकरू आणि शेजारी यांचे कागद आधी करून घ्या (जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारवाल्यांसाठी)

आपल्याकडच्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्या आता एकेक करून रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि मीटिंगमध्ये बोलणं कशावर होतं तर कार्पेट किती वाढणार, भाडं किती देणार, पार्किंग मिळणार का. मलबा कुठं जाणार, तळमजल्यावरच्या टेलरचं काय होणार, शेजारच्याच्या भिंतीला तडा गेला तर कोण भरून देणार हे कोणी विचारत नाही, आणि एखाद्याने विचारलंच तर उत्तर येतं की पर्यावरणाची परवानगी घ्यावीच लागते ना, त्यात सगळं येतं. नाही येत भाऊ.

२००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर. त्यात नुसता एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मंजूर बांधकाम) नाही, बेसमेंट, पार्किंग, सगळे मजले धरून मोजायचं. तेवढं मोठं काम असेल तर केंद्राच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर राज्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज जातो. आता आपल्याकडची चोवीस-तीस फ्लॅटची बिल्डिंग नवीन केली तरी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. आणि मोठ्या प्रकल्पाला मंजुरी लागली तरी इमारत बांधकामाला जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोणी बोलावून विचारणार नाहीच. म्हणून माझं सांगणं एकच आहे, जे काही हवंय ते डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे सोसायटी आणि बिल्डरमधल्या करारात, कलम म्हणून लिहून घ्या आणि ते ॲग्रीमेंट रजिस्टर करा. रेरावर (घर खरेदीदारांसाठीच्या कायद्यावर) फार विसंबू नका, कारण विकायचे फ्लॅट असतील तर प्रकल्प बहुतेक वेळा महारेरात, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो हे खरं, पण जुन्या सभासदांचे हक्क मुख्यतः या ॲग्रीमेंटवरच उभे असतात.

आता पात्रता. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे चालायचं. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला विशेष सर्वसाधारण सभा लावावी लागते, सभेला दोन तृतीयांश कोरम, आणि ठरावाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती, हजर असलेल्यांपैकी नाही, एकूण, इथं खूप जण गल्लत करतात. बिल्डर निवडायच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाचा अधिकारी हवा आणि व्हिडिओ शूटिंग हवं. बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची तरतूद आहे आणि काम २ वर्षांत, अपवाद म्हणून ३ वर्षांत, संपवायचं. आमच्या गावात गॅरंटी वगैरे कोण देतं असं म्हणून ती सोडू नका, काम अर्धवट पडलं तर भाड्याच्या घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना तीच वाचवते.

कागदपत्रं म्हणाल तर सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासद यादी, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, एनए (बिगरशेती) ऑर्डर, जुना मंजूर नकाशा, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, मालमत्ता कराची नो ड्यूज, ठरावाच्या नकला आणि प्रत्येकाचं लेखी संमतीपत्र. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (मूळ मालक किंवा बिल्डर दस्त करून देत नसेल तेव्हाचा) अर्ज नमुना ७ मध्ये टाका, त्याला महिने लागतात. मयत सभासदाच्या वारसांचा विषयही आत्ताच मिटवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि भावाभावांत वाद असेल तर तो पाडायच्या दिवशी रस्त्यावर येतो.

मलब्याचं सांगतो. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे २०१६ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झालेत, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त मलबा निघणार असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असं वेगवेगळं करायचं आणि काम सुरू करायच्या आधी पालिकेकडून कचरा व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यायचा असं होतं. तीन-चार मजली आरसीसी बिल्डिंग पाडली तर हा आकडा सहज ओलांडतो. पण बघा ना, नाल्याच्या कडेला, पांझरेच्या पात्रात, मेहरूणकडच्या मोकळ्या प्लॉटवर रात्रीतून ट्रॅक्टर रिकामे होतात आणि पावसाळ्यात तेच पाणी वस्तीत शिरतं. म्हणून कलम घाला की प्रत्येक ट्रिपची पावती, गाडी नंबर आणि टाकायची जागा सोसायटीला मिळाली पाहिजे. पेठेतलं धाब्याचं जुनं घर असेल तर सागाच्या तुळया, खांब, दरवाजे आधी सुटे काढून घ्या आणि त्यांचा पैसा कोणाचा ते लिहून ठेवा.

धुळीबद्दल आपल्याकडचा प्रश्न वेगळाच आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, घरोघरी कूलर, आणि कूलर बाहेरची हवा थेट आत ओढतो. शेजारी स्लॅब फुटायला लागला की दोन दिवसात कूलरच्या गवताच्या ताट्या पांढऱ्या होतात आणि तीच हवा लहान पोरं, दम्याची माणसं रात्रभर घेतात. जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे. अशा प्रदूषित शहरांसाठी २०१८ चे केंद्राचे धूळ नियम आहेत, त्यात इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर आडोसा, रेती-माती झाकून ठेवणं, गाड्यांवर ताडपत्री, उघड्यावर दगड कापायचा नाही, पाणी मारायचं आणि हे सगळं लिहिलेला बोर्ड साइटवर लावायचा असं स्पष्ट आहे. पाणी मारायला सोसायटीचा किंवा गल्लीचा नळ वापरायचा नाही हेही लिहा, जिथं नळच दिवसाआड येतो तिथं यावरून भांडणं होतात, बिल्डरने स्वतःच्या टँकरचं पाणी आणायचं.

यामुळे वेळापत्रक फार महत्त्वाचं आहे. शाळेचं वर्ष मोडू नये म्हणून घरं एप्रिल-मे मध्ये निकालानंतर खाली करायची, त्या काळात खिडक्या-दरवाजे-फिटिंग काढायचं काम चालू द्या, वीज मीटर पीडी (कायमचं बंद) करून घ्या, नळ तोडून घ्या. आरसीसी असेल तर स्लॅब फोडणं जरा पाऊस पडल्यावर बरं, धूळ बसते. पण मातीच्या भिंतींचं धाबं असेल तर पावसात अजिबात नको, भिजलेली भिंत कधी अंगावर येईल सांगता येत नाही. आणि पायाचा खड्डा काही झालं तरी दसऱ्यानंतरच, आपली काळी माती पावसात फुगते आणि शेजारच्याचा पाया खड्ड्याकडे सरकतो.

शेजाऱ्यांचा सर्व्हे पाडकामाआधी करा. प्रत्येक शेजारघरात जाऊन भिंतींचे फोटो, जुन्या तड्याशेजारी पट्टी धरून फोटो, तारीख, घरमालकाची आणि इंजिनियरची सही, एक प्रत त्यांना. बिल्डर टाळाटाळ करतो, पण त्याच्यासाठीही हे चांगलंच असतं कारण नंतर जुना तडाही त्याच्याच माथी मारला जातो. आवाजाची मर्यादा रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५, तेव्हा रात्रीचं ब्रेकर बंद म्हणजे बंद.

झाड तोडायचं तर पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा, सोबत झाडांचे फोटो, बुंध्याचा घेर, नकाशावर जागा आणि तोडायचं कारण. ५० वर्षांपेक्षा जुनं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावायची अट २०२१ च्या दुरुस्तीत आलीय. आर्किटेक्टला आधीच सांगा की कोपऱ्यातला निंब वाचवून पार्किंग बसव. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर रेन वॉटर हार्वेस्टिंग करावंच लागतं, आणि नुसता देखाव्याचा पाइप नको. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख आहेच, तर राखेच्या विटाही मागा, औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत राखेचं साहित्य वापरायची तरतूद आहे.

माणसांचं मात्र कुठल्याच ऑनलाइन फॉर्ममध्ये येत नाही. भाडेकरू आणि दुकानदारांची यादी करा, कोण किती वर्षांपासून, पावती आहे का, भाडे नियंत्रण कायद्यातला आहे का लिव्ह अँड लायसन्सवर, आणि दुकानदाराला गल्लीतच तात्पुरता गाळा मिळेल का ते बघा कारण त्याचं गिऱ्हाईक तिथलंच असतं. सभासदाला घरभाडं, डिपॉझिट, सामान हलवायचा खर्च किती आणि कधी ते लिहा, उशीर झाला तर पुढचं भाडं चालूच राहील हेही. साइटवरच्या मजुरांना प्यायचं पाणी, बायकांसाठी वेगळं संडास, दुपारी १२ ते ४ उन्हातलं काम बंद हे मागा. १८ ते ६० वयाचा आणि वर्षात ९० दिवस काम केलेला मजूर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतो, त्याला आधार, फोटो, बँक पासबुक आणि ९० दिवसांचा दाखला लागतो, तो दाखला ठेकेदाराने द्यायचा असंही कलम घाला.

तक्रार नेहमी लेखी करा, पहिली बिल्डरला आणि पीएमसीला (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराला), सात दिवसात हललं नाही तर पालिकेच्या नगररचना विभागाला, धूळ-आवाजासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, आणि आपले सरकार पोर्टलवर. पोच घ्या, फोटो जोडा. भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय चावी घेऊ नका, आणि घ्यायच्या आधी गटारीत बसलेलं सिमेंट काढलं का, गल्लीचा फुटलेला रस्ता केला का, हार्वेस्टिंगच्या खड्ड्यात पाणी मुरतं का हे बादली ओतून बघूनच ताबापावतीवर सही करा.