उरोस्थी: मध्यरेषेवर सांधलेले हाड

दोन्ही हासळ्या जिथे एकमेकींजवळ येतात, त्या गळ्याखालच्या खळग्यावर बोट ठेवून ते सरळ खाली सरकवत नेले, तर साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. छातीच्या मधोमध असलेल्या उरोस्थीचे वरचे दोन भाग इथे जुळतात आणि दुसऱ्या बरगडीची कूर्चा नेमकी याच पातळीवर येऊन मिळते. पहिली बरगडी हासळीखाली दडलेली असल्यामुळे ती चाचपून सापडणे कठीण असते. म्हणून डॉक्टर बरगड्या मोजताना या उंचवट्यापासून, म्हणजे दोनपासूनच, सुरुवात करतात. हृदयाच्या कोणत्या झडपेचा आवाज ऐकायला स्टेथोस्कोप कुठे टेकवायचा आणि ईसीजीच्या छातीवरच्या तारा कुठे लावायच्या, हे याच खुणेवरून ठरते.

उरोस्थीचे तीन भाग असतात. वरचा रुंद भाग म्हणजे मॅन्युब्रियम. हासळ्या त्यालाच जोडलेल्या असतात आणि हाताचा धडाशी हाडाने होणारा सांधा एवढा एकच आहे. मधला लांबट भाग हे उरोस्थीचे मुख्य अंग. पहिल्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेने उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात, पुढच्या तीन वरच्या कूर्चेच्या आधाराने येतात आणि शेवटच्या दोन मोकळ्याच राहतात. खालचे टोक म्हणजे झायफॉइड. तरुणपणी ते बहुतांशी कूर्चेचे असते आणि साधारण चाळिशीच्या सुमारास त्याचे हाड होऊ लागते. छातीच्या खड्ड्यात एकाएकी टणक गाठ लागली म्हणून घाबरून दवाखाना गाठणाऱ्या काही जणांच्या हाताला प्रत्यक्षात हे टोकच लागलेले असते.

या हाडाची खरी गंमत त्याच्या घडणीत आहे. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास शरीराच्या पुढच्या भिंतीत, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, दोन स्वतंत्र पट्ट्या दिसू लागतात. त्या बरगड्यांपासून फुटत नाहीत. बरगड्या कण्याजवळच्या ऊतीपासून तयार होतात, तर या पट्ट्यांचे मूळ निराळे असते. पुढे दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे सरकतात आणि वरून खाली अशा क्रमाने मध्यरेषेवर जुळत जातात. हे जुळणे पार फसले, तर मूल दुभंगलेली उरोस्थी घेऊन जन्माला येते आणि हृदयाचे स्पंदन कातडीखाली उघड दिसते. हा दोष अतिशय दुर्मीळ आहे. किरकोळ खोट मात्र बरीच आढळते. शंभरातल्या सुमारे पाच जणांच्या उरोस्थीच्या खालच्या भागात एक आरपार छिद्र राहून जाते. त्याचा त्रास काहीच नसतो, पण त्याच्या मागे लगेच हृदय असते आणि अ‍ॅक्युपंक्चरची सुई अशा छिद्रातून हृदयापर्यंत गेल्याने मृत्यू ओढवल्याची नोंद आहे. सांगाड्यांची तपासणी करणाऱ्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनाही हे छिद्र आणि गोळीची जखम यांतला फरक ओळखावा लागतो.

माशांना उरोस्थी नसते. ती चतुष्पाद प्राण्यांमध्ये दिसू लागते. बेडकात ती खांद्याच्या हाडांना आधार देते, परंतु बरगड्यांशी तिचा संबंध नसतो आणि बेडूक हवा आत ढकलतो तीही तोंडाच्या तळाने. बरगड्या पुढे येऊन उरोस्थीला जोडल्या गेल्यावर छातीचा पिंजरा पूर्ण झाला आणि तो फुलवून हवा आत ओढणे सोपे झाले. सापांनी मात्र हे हाड पुरते गमावले आहे. त्यामुळे बरगड्या पुढून मोकळ्या राहतात आणि मोठे भक्ष्य गिळताना छाती आड येत नाही.

पक्ष्यांमध्ये या हाडाने कमाल गाठली. त्यांच्या रुंद उरोस्थीवर मधोमध एक उभी कड असते, तिला नौतल म्हणतात. पंख खाली ओढणारा मोठा स्नायू तिथून निघतो यात नवल नाही, पण पंख वर उचलणारा स्नायूही पाठीवर नसून तिथेच, पहिल्या स्नायूच्या आड असतो. त्याची दोरी खांद्याजवळच्या हाडांमधल्या बोगद्यातून कप्पीवरून गेल्यासारखी वळते आणि खालून ओढूनही पंख वर जातो. सगळे वजन असे तळाशी राहिल्याने उडताना तोल सांभाळणे सोपे जाते. उडणे सोडलेल्या शहामृग आणि एमूच्या उरोस्थी सपाट आहेत. पेंग्विनने मात्र नौतल राखले आहे, कारण त्याला पाण्यात तेच पंख मारायचे असतात. वटवाघळांमध्येही अशीच कड स्वतंत्रपणे आली.

उरोस्थीच्या आजारांपैकी सर्वाधिक आढळणारी जन्मजात विकृती म्हणजे खोलगट छाती. ती अंदाजे ३०० ते ४०० बालकांत एकाला असते, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त, आणि वयात येताना उंची भराभर वाढते तेव्हा खड्डाही वाढतो. पूर्वी यासाठी कूर्चा कापून काढाव्या लागत. अमेरिकी शल्यचिकित्सक डोनाल्ड नस यांनी १९९८ मध्ये निराळी पद्धत प्रसिद्ध केली: वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीच्या मागून सरकवून उलटी फिरवायची आणि दोन-तीन वर्षांनी काढून घ्यायची. छाती पुढे आलेली असेल तर वाढत्या वयात बाहेरून दाब देणारा पट्टाही अनेकदा पुरतो.

बरगडी आणि उरोस्थी यांच्या जोडावरची कूर्चा सुजली की दाबल्यावर दुखते. हा त्रास सहसा आपोआप बरा होतो, पण हृदयविकार नाही याची खात्री डॉक्टरांनीच करायची असते. उरोस्थीत आयुष्यभर रक्त तयार करणारी तांबडी अस्थिमज्जा असते, म्हणून रक्ताच्या कर्करोगात ती दाबल्यावर कळ येऊ शकते. तिथे मूळ धरणाऱ्या गाठी विरळा, पण असल्या तर बहुधा कर्करोगाच्याच. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून पसरून आलेला कर्करोगही तिथे आढळतो.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक करवतीने उरोस्थी उभी चिरतात ती नेमकी गर्भातल्या दोन पट्ट्या जिथे जुळल्या त्या रेषेवर. शल्यचिकित्सक हर्बर्ट मिल्टन यांनी १८९७ मध्ये या वाटेचे वर्णन केले, तरी ती रूढ झाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शेवटी दोन्ही अर्धे पोलादी तारांनी आवळून बांधतात आणि पीळ दिलेली टोके वाकवून आत दडवतात. हाड भरून यायला सुमारे तीन महिने लागतात. धोका असतो तो खोलवरच्या जंतुसंसर्गाचा, आणि बायपासमध्ये तो वाढण्याचे एक कारण हाडालगतच आहे: उरोस्थीच्या कडेने जाणारी, तिला रक्त पुरवणारी रोहिणीच हृदयासाठी वापरली जाते. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या काढल्या तर हाडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो, म्हणून मधुमेही आणि स्थूल रुग्णांच्या बाबतीत तो निर्णय फार जपून घेतात.