जुन्या मोटरसायकलींची हिवाळी राइड: पार्श्वभूमी

जावा-येझदीवाले जगभर आपला दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा करतात. महाराष्ट्रात तो ऐन पावसात येतो. गाड्या धुऊनपुसून येतात, एखाद्या मैदानात ओळीने उभ्या राहतात, फोटो होतात, आणि पुढची सर यायच्या आत सगळे घरी परततात. लांबची फेरी तेव्हा होतच नाही. पुढे ऑक्टोबरची उष्णता. वाऱ्यावर थंड होणारी चाळीस-पन्नास वर्षांची इंजिनं त्या उन्हात घाटात तापतात आणि धरतात, म्हणजे पिस्टन आत अडकून बसतो. तुळशीचं लग्न झालं की घरोघरच्या लग्नांचे रविवार सुरू होतात. मोकळे रविवार सापडतात ते पौषात, कारण पौषात लग्नं काढायची नाहीत हा रिवाज अजून बऱ्याच घरांत पाळतात. हवा कोरडी, रस्ता कोरडा, माणसं मोकळी. क्लबांची वर्षातली मुख्य राइड डिसेंबर-जानेवारीत पडते त्याला ही अशी साधी कारणं आहेत. सोबतीला माण-बारामतीकडचा हुरडा असतो, पण तो नंतर जोडला गेला.

या राइडला फार जुनी परंपरा आहे असं नव्या सभासदांना सांगितलं जातं. ते मला पटत नाही. मोटरसायकली जुन्या आहेत, राइड तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या विक्रीतून बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा गाड्या लोकांच्या हातात आल्या. १९५५ला मद्रासमध्ये बुलेट जोडली जाऊ लागली, १९६१ला म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडली (तीच पुढे येझदी नावाने विकली गेली), मागोमाग राजदूत आली. पण त्या काळी या गाड्या घर चालवायच्या. राजदूत आणि येझदीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लावून माणसं पहाटे गावातून निघायची, आणि थंडी त्यांनी हौसेने खाल्लेली नव्हती. आज ज्याला आपण राइड म्हणतो तिची सुरुवात या गाड्या निरुपयोगी ठरल्या तेव्हा झाली.

१९८५च्या आसपास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या. लिटरला साठ-सत्तर किलोमीटरचा हिशेब लोकांना कळला, आणि येझदीचा तीस-पस्तीसचा हिशेब परवडेनासा झाला. पाठोपाठ धुराचे नियम आले. ते १९९६ला आणखी कडक झाले, आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखाना बंद पडला. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं उत्पादनही १९९६लाच थांबलं. यामाहाच्या परवान्यावरची साडेतीनशेची राजदूत तर १९८३ला येऊन त्याआधीच संपली होती. पाच-सहा वर्षांत यांच्यासारखी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइल जाळणारी, गाडी ही गरजेची वस्तू राहिली नाही. जावा अक्षरशः भंगाराच्या भावात गेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात टाक्या, मडगार्ड, जिकॉव्हचे कार्बोरेटर गोणपाटावर मांडलेले असायचे, आणि ज्यांना ते काय आहे हे ठाऊक होतं ते रविवारी सकाळी लवकर जाऊन उचलायचे. आजच्या क्लबांची मुळं त्या गोणपाटांपाशी आणि तीन-चार मेकॅनिकांच्या गॅरेजांत आहेत. सभासदांची नावं आज सर्वांना ठाऊक असतात, त्या मेकॅनिकांची नसतात. प्रत्यक्षात क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, काम करणारा माणूस शहरात होता म्हणून त्या शहरात क्लब झाला, आणि जिथे असा माणूस नव्हता तिथे गाड्या असूनही झाला नाही.

बुलेटचं प्रकरण वेगळं. ती कधी बंदच पडली नाही. १९६५ची बुलेट आणि १९९५ची बुलेट यांचे कितीतरी भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे बुलेटवाल्याला जुनेपणा टिकवण्यासाठी वणवण करावी लागली नाही. हा फरक पुढच्या सगळ्या वादांत पार्श्वभूमीला असतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला निघायच्या त्या राइड लहान होत्या. निरोप घरच्या फोनवर किंवा गॅरेजमध्ये ठेवलेला असायचा. पहाटे पाचला स्वारगेटच्या पुढे जमायचं, सूर्य खंबाटकीत गाठायचा, वाईत नाश्ता, पसरणीचा घाट, पाचगणी. वेण्णा तलावाकाठी गवतावर हिमकण पडले अशी बातमी आली की त्या आठवड्यात माणसं जास्त यायची. पुण्यात पारा दहाच्या खाली असला की गाड्या चालू करण्यातच अर्धा तास जाई. जावाला चोक नव्हे, टिकलर. तो दाबून कार्बोरेटर भरायचा, पेट्रोल बोटांना लागलं की दोन सावकाश किक आणि मग खरी किक. जावाच्या किकचा दांडा तोच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो, तेव्हा काकडलेल्या पायाने घाई केली तर नडगीला प्रसाद ठरलेला. बुलेटवाले सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून अँपिअरच्या काट्याकडे बघत बसायचे. थंड हवा दाट असते, पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेला, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं. म्हणून हिवाळ्याआधी कार्बोरेटरची सुई एक खाच वर घ्यायची, आणि टू-स्ट्रोकला लिटरमागे चाळीस मिली ऑइल मोजून घालायचं, अंदाजाने नाही.

घाट उतरण्याचा नियमही तेव्हाचाच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच आत जातं. उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी धरली तर पिस्टनला ऑइल मिळत नाही. म्हणून उतरताना मधूनमधून रेस द्यायची. बाजूने जाणाऱ्या लोकांना हे पोरखेळाचं वाटतं, पण न दिल्यास इंजिन पाच किलोमीटरमध्ये धरू शकतं. ताफ्यातल्या अंतराची शिस्तही यातून आली: मागचं चाक अचानक जाम होऊ शकतं हे गृहीत धरून मागच्याने जागा सोडायची. सगळ्यात हळू गाडी लीडच्या, म्हणजे पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे, बुलेट मध्ये, टू-स्ट्रोकांचा धूर शक्यतो शेवटी, आणि सर्वांत मागे स्वीप म्हणून हत्यारं बाळगणारा.

पहाटेचा मुहूर्त पुढे बदलला तो उसामुळे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगली-कोल्हापूरच्या आणि बारामतीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. जुन्या जावाचा सहा व्होल्टचा दिवा पिवळा आणि अपुरा; त्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी समोर आलेली असते. आता समंजस क्लब उजाडल्याशिवाय निघत नाहीत. काहींनी दिवे बारा व्होल्टचे करून घेतले. या बदलाचा संबंध पुढे कायद्याशी येणार होता हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं.

रस्त्यांनी राइड आणखी ढकलली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ला पूर्ण झाला आणि त्यावर दुचाकीला बंदी. जुन्या गाड्यांचं त्यात भलंच झालं: मोटारी तिकडे गेल्या आणि लोणावळ्याचा जुना रस्ता मोकळा झाला. सातारा रस्त्याचं उलट. तो चौपदरी, मग सहापदरी झाला, तिथे मोटारी शंभरने जातात आणि जावाची सुखाची चाल पंचावन्न ते पासष्ट. वेगातला फरक जीवघेणा होत गेला तसे ताफे आतल्या रस्त्यांवर वळले: भोरमार्गे वरंधा, ताम्हिणी, मांढरदेवच्या घाटाने वाई. मांढरदेवला पौष पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळूनच जायचं. आजचे बहुतेक मार्ग असे पंधरा-वीस वर्षांत ठरलेले आहेत.

मग नव्या गाड्या आल्या. २००९ला क्लासिक याच नावाची नवी एनफिल्ड, २०१८ला नवी जावा, २०२२ला नवी येझदी. यांना राइडमध्ये घ्यायचं की नाही यावर बरेच हिवाळे गेले. बहुतेक ठिकाणी तोडगा एकच निघाला: या, पण मागे राहा, आणि आमच्या वेगाने चला. वाद तेवढ्यावर शमला.

न शमलेला वाद २०२१च्या जुलैपासूनचा आहे. केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नव्याने नोंदली जाणारी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत जाते. आधीच नोंद असलेलीला जुना नंबर ठेवता येतो. इथपर्यंत सगळ्यांना बरं वाटलं. सरकारने प्रथमच या गाड्यांना भंगाराखेरीज दुसरं नाव दिलं होतं.

पण त्याच तरतुदीत वापराची मर्यादा आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, अशा कार्यक्रमांना जाणं-येणं, इंधन भरणं आणि देखभाल, एवढंच. आता पौषातल्या रविवारी बाराजण वाईला मिसळ खायला निघाले तर ती रॅली का? एका बाजूचं म्हणणं असं, की क्लबने तारीख आणि मार्ग आधी जाहीर केला, पत्र दिलं, की ती रॅलीच. दुसरी बाजू विचारते की मग बुधवारी गाडी गरम करायला दहा किलोमीटर फिरवायची ती कशात बसवणार? देखभालीत? आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी देखभालीची व्याख्या कशी करेल?

दुसरी गाठ मूळ रूपाची. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झाला असेल तर गाडी या वर्गात बसत नाही. ओव्हरसाइझ पिस्टन घालणं ही दुरुस्ती, हे उघड आहे. पण ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सीडीआय? सहाच्या जागी बारा व्होल्ट? ज्यांनी उसाच्या ट्रॉल्यांना घाबरून दिवे सुधारले, त्यांची गाडी मूळ रूपातली नाही असं कुणी म्हणू शकतं. आणि म्हैसूर बंद पडल्यावर एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवून जगवलेल्या येझदी किती आहेत हे कुठल्याही गॅरेजात विचारावं. नव्वदच्या दशकात ज्या युक्त्यांनी गाड्या वाचल्या त्याच आता त्यांच्या आड येतात.

दुसरा मार्ग म्हणजे व्हिंटेजच्या फंदात न पडता साध्या खासगी गाडीसारखं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२पासून दुचाकीला १,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,०००. पर्यावरण कर वेगळा, आणि दर खेपेला तपासणीचा हेलपाटा. दहा वर्षांत नुसत्या नूतनीकरणाचे दोनदा दोन हजार होतात, व्हिंटेजच्या नव्या नोंदणीपेक्षा बरेच कमी. पण खरा फरक मोकळीकीचा आहे, आणि नियमित चालवणारे बहुतेकजण म्हणूनच साध्या नूतनीकरणावर थांबलेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. वर्षातून दोनदा ट्रकमधून प्रदर्शनाला नेलेल्या जावाचं ऑइल सील सुकतं, टाकीत गंज धरतो, आणि क्रँकच्या बेअरिंगवर चट्टे उठतात. चालवायची नाही या अटीवर यंत्र राखता येत नाही. मात्र व्हिंटेज नोंदणी करणाऱ्यांची भीतीही मी खोटी म्हणणार नाही: दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जशी बंदी आली तशी उद्या इथे आली तर ‘व्हिंटेज’ हा शिक्का असलेली गाडीच वाचेल, असं त्यांना वाटतं.

वयाचा हिशेबही यात गुंतलाय. १९७३पूर्वीच्या, टाकीवर जावा नाव असलेल्या सगळ्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या. पहिल्या येझदी नुकत्याच त्या रेषेपलीकडे जाऊ लागल्यात. पण शेवटच्या येझदीला आणि शेवटच्या आरएक्सला २०४६ उजाडावं लागेल. ताफ्यात या दोन्ही एकत्र चालतात. पुढच्या वीस वर्षांत एकाच राइडमधल्या अर्ध्या गाड्यांना एक नियम आणि अर्ध्यांना दुसरा, असं होत राहणार.

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आणखी दोन गोष्टी आल्या. २०१९च्या एप्रिलपूर्वीच्या सगळ्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, मुदती लांबत गेल्या, आणि मडगार्डवर उभ्या बसवलेल्या जुन्या कमानदार पट्टीचं काय करायचं हा प्रश्न बुलेट-जावावाल्यांपुढे आला. दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, आणि थंडीत पेट्रोलपेक्षा सावकाश वाफ धरतं, म्हणजे पहाटेच्या किका वाढल्या. राइडच्या सूचनांत आता वेळ आणि मार्गाच्या खाली आणखी एक ओळ असते: घरी पोचण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत गाडी चालवावी, आणि पुढची राइड पंधरा दिवसांपेक्षा लांब असल्यास टाकीतलं पेट्रोल काढून ठेवावं.