स्किमर डबल साईजचा घे, हा सल्ला आला कुठून

माझ्या मावसभावाने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहिला रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक, करायला घेतला, तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर, आणि पहिल्याच आठवड्यात फोन की दादा स्किमर कुठला घेऊ. स्किमर म्हणजे फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. दुकानदार म्हणतोय टँकच्या डबल रेटिंगचा घ्या (डब्यावर जो लिटरचा आकडा असतो तो), एकजण म्हणतोय स्किमर कशाला, दगड टाका झालं, आणि तिसऱ्याने त्याला एवढा उंच टॉवरसारखा स्किमर दाखवला की कॅबिनेटची फळी कापावी लागेल. मी म्हटलं तिघंही खोटं बोलत नाहीयेत रे, फक्त तिघं तीन वेगवेगळ्या काळातलं बोलतायत. तेव्हा फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून टाकतो.

आधी फेसाचं बघू. डाळ कुकरला न लावता उघड्या पातेल्यात शिजवली की वर फेस येतो आणि आई तो पळीने काढून टाकते. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतात, ती अगदी सख्खी नाही पण भावकीतलीच गोष्ट. आणि पुणेकरांना तिसरी ओळख म्हणजे आळंदीची इंद्रायणी, दर थोड्या महिन्यांनी पेपरात फोटो येतो, नदीवर बर्फ पडल्यासारखा पांढरा फेस. तिन्हीकडे थोडंफार एकच चालतं. काही रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, त्यामुळे त्यांना हवा-पाण्याच्या सीमेवर बसायला आवडतं. बुडबुडा म्हणजे फुकटची सीमा. जितके बारीक आणि जितके जास्त बुडबुडे तितकी बसायला जागा जास्त, बुडबुडा वर जाताना हा सगळा ऐवज घेऊन जातो, वर फेस घट्ट होतो, स्किमरच्या अरुंद मानेतून चढतो आणि वरच्या कपात पडतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलचा चिकट स्राव, हे सगळं कुजून अमोनिया व्हायच्या आधीच पाण्याबाहेर. बाकीचे फिल्टर घाण धरून ठेवतात आणि ती पाण्यातच कुजत राहते, हा तिला थेट घराबाहेर काढतो.

हे गोड्या पाण्यात का चालत नाही असं बरेचजण विचारतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटले की जुळून मोठे होतात आणि पटकन वर पळतात. खाऱ्या पाण्यात मीठ त्यांना जुळू देत नाही, ते बारीकच राहतात, आणि म्हणून फेसाळलेल्या समुद्राच्या पाण्याला दुधाळ रंग येतो. म्हणजे तुमचा जुना गोल्डफिशचा टँक असेल तर त्यात स्किमर लावून उपयोग नाही, एकाने लावलेला मी बघितलाय, महिनाभर कप कोरडा.

युक्ती काही मत्स्यालयवाल्यांची नाही. खाणीतलं खनिज फेसावर चढवून मातीपासून वेगळं करायचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला चालू होतं. घरच्या टँकपर्यंत ती यायला साठचं दशक उजाडलं आणि ती आली जर्मनीतून. झांडर कंपनीचे हवेवर चालणारे स्किमर त्या काळातले, पेन्झबर्गची टुन्झे कंपनी १९६० सालची.

आता जर्मनीतच का, यावर माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली नैसर्गिक पद्धत लिहिली, समुद्रातला जिवंत दगड (बॅक्टेरिया, किडे वसलेला), समुद्राचं पाणी, ऊन आणि एक साधा हवेचा पंप, बस. कोरल जगत होते. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता, पाणी खराब वाटलं तर बदलायला कितीसा वेळ. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं, तेही मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र. जर्मनीच्या आतल्या गावातल्या माणसाला तसं नव्हतं, त्याला प्रत्येक लिटर पाणी मीठ विकत घेऊन बनवायचं होतं, म्हणजे आहे तेच पाणी जास्तीत जास्त टिकवणं भाग होतं. स्किमर हे समुद्र नसलेल्या गावाचं यंत्र आहे. आणि त्या हिशोबाने पुणं म्युनिकच्या जास्त जवळ आहे, मुंबईच्या नाही. अलिबागहून कॅन भरून आणणारे लोक आहेत पण घाट चढून दीडशे किलोमीटर ते पाणी आणायचं, आणि पावसाळ्यात तर तिथलं पाणी चहासारखं.

ते पहिले स्किमर म्हणजे एक उभी नळी, खाली लिंडनच्या लाकडाचा एअर स्टोन, आणि पाणी वरून खाली, बुडबुडे खालून वर, म्हणजे दोघांची गाठ जास्त वेळ पडते. तत्त्व आजही तेच आहे. कटकट लाकडाची, ते काही आठवड्यांत तुंबतं, बुडबुडे मोठे व्हायला लागतात, मग बदला. आपल्याकडे ज्यांनी पीव्हीसी पाइप आणि पाण्याच्या बाटलीतून घरी स्किमर बनवला त्यांनी सगळ्यांनी हीच साठच्या दशकातली नळी परत बनवली, आणि खरं सांगायचं तर लहान टँकला ती चालते.

दगड टाका, स्किमर कशाला, हे वाक्य दोन ठिकाणांहून आलंय. एक तर ली चिन एंग यांच्याकडून, आणि दुसरं वॉल्टर एडी यांच्याकडून. ते स्मिथसोनियनचे शास्त्रज्ञ, त्यांनी शेवाळ वाढवून पाणी साफ करायची पद्धत काढली, त्यांचा स्किमरला विरोधच होता, कारण स्किमर घाणीबरोबर प्लँक्टन म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीवही काढतो आणि तेच तर कोरलचं जेवण. टाउन्सविलचं ग्रेट बॅरियर रीफ अॅक्वेरियम १९८७ साली उघडलं ते याच शेवाळाच्या पद्धतीवर. त्यामुळे स्किमरशिवाय म्हणणारा माणूस अडाणी नाही, फक्त तो ज्या दगडाबद्दल बोलतोय तो दगड आपल्याकडे नाहीये, त्यावर पुढे येतो.

अमेरिकेत मधे वेगळीच लाट होती. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांचे लेख आले आणि सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी टपकवणारे वेट-ड्राय फिल्टर बसवले. अमोनिया झटक्यात जायचा, पण त्याचा नायट्रेट होऊन तो पाण्यात साठत राहायचा आणि नाजूक कोरल महिन्याभरात तपकिरी. तोवर तिकडे बर्लिनच्या हौशी लोकांनी ते सगळं फिल्टरबिल्टर काढून टाकलं होतं, टँकमध्ये भरपूर जिवंत दगड, जोरदार लाइट, चुन्याचं पाणी आणि एक तगडा स्किमर. चुन्याचं पाणी पीटर विल्केन्स यांच्यामुळे रुळलं, आणि डीट्रिख श्ट्यूबर यांनी वाढवलेल्या अॅक्रोपोरा या कोरलचे तुकडे हातोहात जगभर गेले. नव्वदच्या दशकात अमेरिकेने हीच बर्लिन पद्धत उचलली आणि आज आपण जो टँक बनवतो तो थोडाफार तोच आहे.

आणि इथेच तो डबलवाला सल्ला जन्माला आला असं मला वाटतं. बर्लिन पद्धतीत स्किमर हा एकटाच काढणारा, दुसरा कोणी नाही, तेव्हा तो कमी पडला की संपलं. त्यात तेव्हाचे स्किमर कमजोर, व्हेंचुरीवाले (पाण्याच्या झोताने हवा ओढणारे) सारखे तुंबायचे, आणि डब्यावरचा लिटरचा आकडा कंपनी मनाने छापायची, त्याला कुठलंच प्रमाण नव्हतं, आजही नाही. मग जाणत्यांनी सोपा नियम काढला की आकडा निम्मा धरा. त्यावर अमेरिकेने उपाय काढला तो नेहमीसारखा मोठा, माणसाएवढे डाउनड्राफ्ट टॉवर, वरून पाणी प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर आदळायचं आणि फेस व्हायचा. त्याला लागणारा पंप म्हणजे बंगल्याच्या टाकीवरची मोटर. आवाज, गरमी, वीजबिल. मावसभावाला दाखवलेला टॉवर त्याच घराण्यातला.

सगळं बदललं ते नीडल व्हीलने. पंपाच्या पंख्याला पात्यांऐवजी खिळे, पंप स्वतःच हवा ओढतो आणि तिचे तुकडे करतो, वेगळा एअर पंप नको, लाकूड नको, मोठी मोटर नको. जर्मन कंपन्यांनी हे घराघरात नेलं. पुढे २००० नंतर हौशी लोकांनी खिळ्यांच्या जागी जाळी बांधून बघितली, बुडबुडे अजून बारीक झाले, आणि काही वर्षांत कंपन्याही तेच करायला लागल्या. मग बॉडी शंकूसारखी निमुळती झाली, मग डीसी पंप आले. आज १५ वॉटच्या आतला स्किमर जे करतो त्याला नव्वदीत टॉवर लागायचा.

पण नियम तसाच राहिला ना. कमजोर स्किमरसाठी काढलेला डबलचा नियम आपण आजच्या स्किमरला लावतो, आणि त्यातून उलटा त्रास होतो. फेसाला मानेतून चढायला पुरेशी घाण लागते. नवीन टँक, दोन क्लाउनफिश, कोरलचे चार तुकडे (फ्रॅग), आणि खाली ५०० लिटरचा स्किमर, म्हणजे रुंद मान, फेस अर्ध्यात येऊन फुटतो, कप आठ दिवस रिकामा, आणि माणूस रात्री अकराला नॉब फिरवत बसलेला. लहान मानेचा बेताचा स्किमर त्याच टँकवर रोज कप भरतो.

२००९ मध्ये तर मोजूनच झालं. पेन स्टेट विद्यापीठात केन फेल्डमन नावाचे केमिस्ट्रीचे प्राध्यापक, त्यांनी वेगवेगळ्या जातीचे स्किमर एका पद्धतीने तपासले आणि निघालं काय तर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच निघतो, आणि स्किमर-स्किमरमध्ये फरक लोक भांडतात तितका नाही. पुढच्या वर्षी कपातला गाळ तपासला तर घन भागात कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिकाच भरपूर. (त्याच विद्यापीठातल्या संजय जोशी यांनी रीफच्या लाइटिंगची मोजमापं केली, आडनाव वाचून आपल्याला उगाच बरं वाटतं.) म्हणजे दुप्पट पैसे घालून दुप्पट सफाई असं काही नसतं, उरलेल्या ७०-८० टक्क्यांसाठी पाणी बदलणं आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन आहेच.

आता दगडाकडे येऊ. भारतात २००१ साली सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये गेले, वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातलं कोरल किंवा कोरलचा दगड उचलणं, विकणं, घेणं हा गुन्हा आहे, कोणी मंडपम किंवा लक्षद्वीपचा माल म्हणून दाखवला तर तिथून निघा. बाहेरून रीतसर कागदपत्रांसह आलेलं वेगळं. म्हणून आपला टँक सुरू होतो कोरड्या, मेलेल्या दगडाने. बर्लिनवाल्यांच्या दगडात पहिल्या दिवसापासून बॅक्टेरिया, स्पंज, किडे सगळी वस्ती होती, आपल्या दगडात ती वसायला महिने लागतात आणि उलट जुना वाळलेला जीव त्यातून पाण्यात सुटत राहतो. तेवढा काळ स्किमर हवाच, आणि त्याला तेव्हा कामही भरपूर असतं. दगड टाका झालं हे इथे चालत नाही ते यामुळे. साठसत्तर लिटरचा छोटा टँक असेल तर मात्र दर आठवड्याला पाणी बदला, स्किमर राहू दे.

पुण्यात आणखी काही गोष्टी येतात ज्या त्या जर्मन इतिहासात नाहीत. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की पंखा लावलेल्या टँकचं पाणी रोज बादलीच्या मापात उडतं, सम्पची (टँकखालच्या पाण्याच्या पेटीची, स्किमर त्यातच बसतो) लेव्हल उतरली की स्किमर कोरडा फिरतो, बहुतेक स्किमरला सात ते नऊ इंच पाणी कायम एकसारखं लागतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, आधी आणि स्किमर नंतर. ते वरचं पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, टँकरचं बोरचं टाकलंत तर देव तुमचं भलं करो. फ्लॅट बंद ठेवून एसी लावत असाल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, घरातला कार्बन डायऑक्साइड ओढून तो पीएच पाडतो. आणि अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला स्किमर आणायला सांगू नका, तिकडचा एसी पंप ६० हर्ट्झचा, ट्रान्सफॉर्मर लावला तरी इथे ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो आणि मग फेसच धरत नाही. डीसीवाला असेल आणि अॅडॅप्टर २४० व्होल्टपर्यंतचा असेल तर आणू दे.

राहिला गुरुवार. पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे काय सांगायचं, पण लाइट गेली की वरच्या टँकमधलं जास्तीचं पाणी सम्पमध्ये उतरतं, आणि लाइट आल्याआल्या स्किमर त्या वाढलेल्या लेव्हलमध्ये सुरू होतो, मिनिटाभरात कप उसळून वाहतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी आठवड्याभराची घाण त्या एका मिनिटात परत पाण्यात गेली आणि थोडी खालच्यांच्या छतातून त्यांच्या सोफ्यावर. तेव्हापासून स्किमरला दहा मिनिटांचा डिले लावलाय, आधी रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर पाठवणारा), मग स्किमर.

मावसभावाने शेवटी २५० लिटर रेटिंगचा, अरुंद मानेचा नीडल व्हीलवाला घेतला. पहिले नऊ दिवस काहीच नाही, नवीन प्लॅस्टिकवरचं तेल जायला एवढे दिवस लागतातच, तरी रोज फोन. दहाव्या दिवशी कपात हिरवट काळं पाणी आलं तर त्याचा व्हिडिओ पाठवला, मागे मावशीचा आवाज, ते आधी संडासात ओत, वास येतोय.